दोन घरचो आंबो

शिरोडा, ४ फेब्रुवारी १९५६

लवू बाळा,

जिथे असशील तिथे आधी पोटभर जेव आणि मग हे वाच. मी चौथी शिकलेली, त्यातली चौथी अर्धीच, तेव्हा सावकाश वाचावं लागेल. दाजी म्हणत होता मी लिहून देतो. पण तुझ्या दाजीमामाचं पत्र म्हणजे तार. सगळे खुशाल, पाऊस बरा, संपलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी माडाच्या झावळ्यांचे झाप विणत बसले होते. पोस्टमन महादू लांबूनच ओरडत आला, "आजये, अमेरिका इली गो." जशी काय बोटच वेंगुर्ल्याच्या बंदराला लागली. पत्र मी तीनदा वाचलं, मग शेजारच्या सेवरीनाला वाचून दाखवलं, मग आमच्या काळ्या कोंबडीलाही दाखवलं असतं, पण ती सध्या खुडूक बसलीय आणि कुणाचं ऐकत नाही.

तुला आपल्या आणि सेवरीनाच्या मधल्या दगडी गडग्यावरच्या आंब्याच्या कलमासाठी काड्या हव्यात हे वाचून मला काय झालं ते कसं लिहू. माणूस इतक्या लांब जाऊन मोठ्या बागवाल्याकडे कामाला लागतो, आणि त्याला आठवतो तो गडग्यावरचा आंबा. सेवरीना म्हणाली, "वैनी, पोराच्या तोंडातली चव गेली नाय हां."

काड्या मी उभी राहून काढवल्या. तू लिहिल्यासारखं टोकांना मेण लावलं, ओल्या फडक्यात, वर केळीच्या सोपटात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात भरल्या. तू धाडलेला तो सरकारी परवान्याचा कागद वर चिकटवला. दाजी उद्याच्या बोटीने मुंबईला जाऊन विमानाने धाडेल. चार काड्या आपल्या बाजूच्या आहेत, चार सेवरीनाच्या बाजूच्या. तिने स्वतःच्या हाताने वाकवून दिल्या. झाडच तसं आहे ना. बुंधा माझ्या मामंजींनी लावलेल्या रायवळीचा, आणि वरचं कलम सेवरीनाच्या सासऱ्याने गोव्याहून शिकून येऊन बांधलेलं. म्हणून तर सगळी वाडी त्याला दोन घरचो आंबो म्हणते. हे तुला ठाऊक आहे, पण तिकडच्या लोकांना सांगायला उपयोगी पडेल.

आता रीत. काडीचे पैसे कुणी घेत नाही, देत नाही. आणि देताना देणाऱ्याने तोंड फिरवून मी दिली नाही असं म्हणायचं असतं. लहानपणी तू हसायचास त्याला. पण दिली म्हटलं की झाडाला कळतं, मग ते नव्या जागी जीव धरत नाही, घराकडे ओढ घेतं. तू समोर नाहीस, मी तोंड कुणाकडून फिरवू? म्हणून भिंतीकडे तोंड करून लिहिते आणि खाली सही करते.

मियां दिली नाय रे लवू. ही काडी तुका गावली.
सुभद्रा

झालं. आता धरेल. आणि पहिलं फळ मूळ झाडाच्या घरी यायला हवं, परडीत घालून वर पान झाकून, हेही विसरू नकोस. परडी परत जाताना रिकामी जात नाही. मी मूठभर तांदूळ घालीन.

तुझी आजी


शिरोडा, २० जुलै १९६०

लवू,

झाड धरलं, फळलं, आणि तुझं लग्नही झालं, सगळं एकाच कागदावर कळलं. आनंदाने मला काय करावं सुचेना. दाजी म्हणाला, आधी फळाबद्दल लिहिलंय, मग बायकोबद्दल. मी म्हटलं असू दे, पोरगं लाजलं असेल.

विल्कॉटसाहेबांची मुलगी म्हणजे ज्या बागेत तू नोकरी करतोस त्यांचीच ना? बरं झालं. घरचीच भाकरी. ती भात खाते का? माझी लेक, तुझी आई जानकी, असती तर तिने मला हजार प्रश्न विचारून भंडावलं असतं. तू दोन वर्षांचा असताना ती गेली आणि तिचे सगळे प्रश्न माझ्याकडे राहिले.

लग्नाचा फोटो बघितला. तू बारीक झालायस. शेजारी त्या उंच बाई तुझ्या सासूबाई असतील. टोपीवर केवढी फुलं.

इकडे पाऊस धो धो आहे, बोटी बंद. सेवरीनाचा गुडघा सुजलाय, तरी रविवारी चर्चला जायचं सोडत नाही. गोवा अजून फिरंग्यांकडे, त्यामुळे तिला माहेरी जाता येत नाही, म्हणून ती सगळं माहेर माझ्याकडे काढते. काल नेवऱ्या, त्यांच्या करंज्या, घेऊन आली. म्हटलं, नाताळ नाही, काय नाही. तर म्हणते, "लवूचा लगीन झाला मां? मगे माका नको गोड करूक?"

पहिलं फळ पाठवता येत नाही म्हणतोस, बंदरावर जाळून टाकतात. जाळतात? आंबा? बरं बाबा, तुमच्याकडची रीत असेल. पण सेवरीनाच्या सासऱ्याकडून एका पाद्रीने काडी नेली होती आफ्रिकेला, पोर्तुगीजांच्या मुलखात. त्याने पहिल्या फळाच्या फोडी मीठ लावून वाळवल्या आणि बोटीवरच्या माणसाबरोबर धाडल्या. मी नवी नवरी होते तेव्हा. चामड्यासारख्या झाल्या होत्या, पण दोन्ही घरांनी खाल्ल्या. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

आजी


शिरोडा, ९ नोव्हेंबर १९६२

लवू बाळा आणि सूनबाई,

मुलगी झाली आणि तिचं नाव जानकी ठेवलंत. मी पत्र हातात घेऊन अंगणात नुसती फिरत राहिले. दाजीच्या बायकोला वाटलं काहीतरी वाईट आलं. मी तिला म्हटलं, माझी जानकी परत आली गो, फक्त यावेळी गोरी होऊन आली. आख्ख्या वाडीत गूळ-खोबरं वाटलं. सेवरीनाने मेणबत्ती लावली, मी वेतोबाला नारळ ठेवला. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं.

चांदीचे वाळे काढून चिंचेने घासले. तुझ्या आईचे, मग तुझे. पायात घातले की पोर कुठे लपलीय ते कळतं.

आणि पाकिटातला तो रंगीत छापील कागद, तुमच्या बागेच्या जाहिरातीचा. अरे, आपला आंबा. तांबडा खांदा, खाली तीच किंचित बाक, देठाजवळचा खळगा सुद्धा तोच. मी कागदाचा वास घेतला, इतका हुबेहूब. महादू पोस्टमनने, शाळेच्या मास्तरांनी, मिठागरावरच्या कामगारांनी, सगळ्यांनी पाहिला. सेवरीनाने त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, सासरो असतो तर रडलो असतो. खाली मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते मास्तरांनी वाचलं. मिसेस विल्कॉट. मी म्हटलं, हे आंब्याचं नाव की बाईचं? मास्तर म्हणाले, दोन्ही.

मला हसू आलं. सासूचं नाव आंब्याला. जावई असावा तर असा. दोन घरचो म्हटलं असतं तर त्यांच्या तोंडात बसलं नसतं, हे मला कळतं. आता तिसरं घर झालं एवढंच.

खाली मुंगीसारखी बारीक अक्षरं आहेत, ती मास्तरांना लागेनात. लुईझा नाताळला घरी येईल. सेवरीनाची मुलगी आता वेंगुर्ल्याला इंग्रजी शिकवते, तुला सांगितलं होतं ना? ती वाचून दाखवेल. असेल काहीतरी खत कसं घालायचं, पाणी किती.

जानकीची दृष्ट काढते, इथूनच.

आजी


शिरोडा, ११ जानेवारी १९६३

लवू,

लुईझा आली आणि तिने बारीक अक्षरं वाचली.

पहिल्यांदा तिने मनात वाचलं. मग आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आजी, भाषा वकिली आहे, मला नीट लागत नसेल. मी म्हटलं, लागेल तेवढं वाच.

तर त्यात लिहिलंय की हा आंबा तुला विल्कॉटसाहेबांच्या बागेत आपसूक उगवलेला सापडला. असा आंबा आधी कुणाला ठाऊक नव्हता. तू तो ओळखलास, म्हणून सरकारने त्यावर तुमचा हक्क मान्य केला आणि तो तू बागेच्या नावावर केलास. सतरा वर्षं तुमच्या परवानगीशिवाय तिकडे कुणीही त्याची काडी लावायची नाही, कलम बांधायचं नाही, विकायचं नाही. लुईझा म्हणाली, याला पेटंट म्हणतात. यंत्राचं असतं तसं तिकडे झाडाचंही असतं.

सेवरीना म्हणाली, "झाडाचा? मगे देवाक विचारल्यानी काय?"

लुईझाने तिला समजावलं की हे तिकडच्या देशापुरतं आहे, इथे आपल्या गडग्याला काही होत नाही. सेवरीना ऐकेना. "म्हंजे उद्या माझ्या चेडवान अमेरिकेत जावन आजोबाचो आंबो लावलो तर तेका पोलीस धरतले?" लुईझाने कागदाची घडी घातली. म्हणजे धरतील.

मी विचारलं, पण हे झाड आधी कुणाला ठाऊक नव्हतं असं कसं? अख्ख्या शिरोड्याला ठाऊक आहे. आजगावात सात घरी आहे, पार आरोंद्यापर्यंत गेलंय. लुईझा म्हणाली, आजी, तिकडचा कायदा तिकडे बघतो. तिकडे ठाऊक नव्हतं म्हणजे ठाऊक नव्हतं.

आपण म्हणजे कुणीच नाही, असंच ना?

रागावून लिहीत नाही हो. तुझ्यामागे मोठा संसार आहे, साहेबांचं मन राखावं लागतं. मला एवढंच विचारायचंय की ते आपसूक उगवल्याचं वाक्य छापणाऱ्याने चुकून टाकलं का? तसं असेल तर एक कार्ड टाक. मी सेवरीनाला वाचून दाखवीन. ती तेव्हापासून गडग्यावरून बोलायला येत नाही, दारावरून येते. पावण्यासारखी.

काळी कोंबडी मुंगसाने नेली.

आजी


शिरोडा, १५ मार्च १९६४

लवू,

वर्षभराने तुझं पत्र आलं, आणि केवढं जाड. फोटो आधी बघितला. जानकीचं कपाळ आपल्या घरचं आहे, रुंद. हातात चमचा धरलाय जसा काय वल्हवतेय. तो फोटो मी देवाजवळ ठेवला आणि मग पत्र वाचलं. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं का, कुणास ठाऊक.

म्हणजे तिकडच्या दुसऱ्या एका बागवाल्याने तुमच्यावर कोर्टात भांडण आणलंय. तोच आंबा त्याच्याकडे आफ्रिकेहून आला, त्या पाद्रीच्या झाडावरून. तो म्हणतो, हा सापडलेला नव्हे, हा शिरोड्याचा. त्याचा वकील आता सेवरीनाला पत्र लिहून विचारणार आहे. आणि तू मला सांगतोस की काळजीचं कारण नाही, कारण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा माझाच आहे.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. दाजीला म्हटलं, परत वाच. त्याने परत वाचलं.

मी भिंतीकडे तोंड करून लिहिलेलं वाक्य तू त्यांना दिलंस. सहीसकट. त्याचं इंग्रजी केलंत, वर लाल लाखेचा शिक्का मारलात. म्हातारी स्वतः लिहिते की मी दिली नाही, तुला सापडली. तिकडचे वकील खूश झाले म्हणतोस. त्यांना एवढं स्वच्छ वाक्य क्वचितच मिळतं म्हणे.

लवू, तुला तरी ते काय आहे ते ठाऊक होतं. अळवाचा कांदा देताना सुद्धा मी म्हणायचे आणि तू पाठीमागे उभा राहून माझी नक्कल करायचास.

आता मी काय करायचं तेही तू लिहिलंयस. काहीच करायचं नाही. सेवरीनाला लिहिता येत नाही, ती पत्र घेऊन माझ्याकडेच येईल, तेव्हा डोळे दुखतात म्हणायचं. लुईझालाही समजावायचं. आणि झाड आता म्हातारं झालंय, गडगा ढासळेल, कुणाच्या अंगावर पडेल, तेव्हा पावसाआधी दाजीमामांनी ते पाडून घेतलेलं बरं. गडग्याची तुला इतकी काळजी, वाचून मला भरून आलं. गडग्याबद्दल याआधी तू कधी अवाक्षर काढलं नव्हतंस.

शेवटी लिहिलंयस की भांडण मिटलं तर पुढल्या मे महिन्यात जानकीला घेऊन येशील. हरलात तर नोकरी जाईल आणि मग येणं कसलं.

खोटं कशाला लिहू. मला ती हवीय. मी मनात तिला अंगणातून चालवून आणली. वाळे वाजले. आंबा तिला चमच्याने द्यायचा की हातात द्यायचा यावर दाजीच्या बायकोशी भांडलेसुद्धा. माझे डोळे खरंच दुखतात. म्हटलं तर तेवढंच सांगायचंय, आणि ते खोटंही नाही.

अजून पत्र आलेलं नाही सेवरीनाला.

आजी


शिरोडा, २८ एप्रिल १९६४

लवू,

सगळं झालं ते ओळीने लिहिते, म्हणजे दुसऱ्याकडून कळायला नको.

पत्र आलं. महादूने सेवरीनाच्या दारात दिलं. ती ते घेऊन माझ्याकडे आली नाही. दोन दिवस तिच्या खिडकीत ते तसंच होतं, मला माझ्या पडवीतून दिसायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी दोन माणसं आणि करवत घेऊन आला. मला विचारलं नाही. तू त्याला वेगळं लिहिलं होतंस हे मला तेव्हा कळलं. त्याच्या मुलाला, सत्यवानाला, कॉलेजसाठी तिकडे बोलावून घेणार आहेस म्हणे. झाड फळांनी वाकलेलं. पाडाला आलेला एक आंबा त्या माणसांच्या डोक्यावर पडला, ते हसले.

मी पडवीत उभी होते. मी काही बोलले नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे तुझ्या आजीने झाड वाचवलं असं तुला वाटू नये.

बोलली ती सेवरीना. विळीवर मासे कापता कापता उठली, आडाळो हातात तसाच, आणि दुखऱ्या गुडघ्याने गडग्यावर चढून बसली. शांतपणे म्हणाली, "दाजी, बुंधो तुझ्या आजोबाचो. काप खुशाल. पण वरचो भाग माझ्या सासऱ्याचो आसा. तो आधी माका खाली उतरवन दी. पान मोडता नये. मगे तुझो बुंधो काप."

दाजी वर बघत राहिला. सांधा कुठे आहे ते शोधत होता. त्या दोन माणसांपैकी एक म्हणाला, ह्यां काय आमच्यान जमाचा नाय, आणि दोघं करवत उचलून चालू लागले. दाजीने माझ्याकडे बघितलं आणि घरात गेला. जेवला नाही त्या दिवशी. अजून माझ्याशी तुटकच बोलतो.

दुपारी सेवरीना आली. गडग्यावरून आली, दारावरून नाही. पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "वैनी, तुका लिवचा नसात तर लिव नको. नातू तुझो आसा. माझा काय, मी म्हातारी, आंबे खातलंय आणि मरतलंय." आणि बसली. पंख्याने मला वारा घालत.

ती भांडली असती तर मी डोळे दुखतात म्हटलं असतं. ठरवून ठेवलं होतं.

मी लिहिलं. बुंधा कुणाचा, कलम कुणाचं, आफ्रिकेला कुणी नेलं, तुला कुणी धाडलं, काड्या कुणाच्या बाजूच्या किती. ते तोंड फिरवायचं काय असतं तेही लिहिलं. देणाऱ्याने देणं कबूल करायचं नसतं, म्हणजे घेणाऱ्यावर ओझं राहत नाही आणि झाडालाही माहेर आठवत नाही, असं माझी सासू सांगायची. लुईझाने त्याचं इंग्रजी केलं. ती म्हणाली, आजी, हे त्यांना कसं कळेल? मी म्हटलं, न कळू दे. खाली मी जन्मात पहिल्यांदा ते वाक्य सुलटं लिहिलं.

मियां दिली.
सुभद्रा

भिंतीकडे तोंड नव्हतं, सेवरीनाकडे होतं.

पाठीमागून काही करायला मला आवडत नाही, म्हणून त्याचीच नक्कल या पाकिटात घातलीय. तुझी नोकरी जाऊ नये असं मला अजून वाटतं. दोन्ही गोष्टी एका वेळी कशा वाटतात ते मला विचारू नकोस.

वाळे परत फडक्यात बांधून ठेवलेत. जानकीला खोकला होता तो बरा झाला का?

आजी


शिरोडा, १२ जून १९६६

लवू,

दोन वर्षं तुझं काही नाही, आणि परवा महादू पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला. तोही आता म्हातारा झाला, ओरडत येत नाही.

आधी दुसरं सांगते. गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या बागवाल्याच्या वकिलाने सेवरीनाला पाकीट धाडलं. मोठ्या आशेने लुईझाने उघडलं. आत आमचंच पाकीट, मी आणि तिने चिकटवलेलं, जसंच्या तसं. उघडलेलंच नाही. वर चार ओळींची चिठ्ठी. दोन्ही बागवाल्यांनी आपसात तडजोड केलीय. आता मिसेस विल्कॉट दोघंही विकतील, तिसऱ्या कुणाला लावू देणार नाहीत. त्यामुळे आपल्या जबाबाची गरज उरली नाही, तसदीबद्दल आभारी आहोत.

म्हणजे तुझी नोकरी राहिली. चांगलं झालं. आणि माझं लिहिलेलं तिकडे कुणी वाचलंच नाही. तू सोडून. तू वाचलंस, म्हणून दोन वर्षं गप्प.

सेवरीनाने ते बंद पाकीट खिडकीत ठेवलंय. म्हणते, "ऱ्हवांदे. कोणाक तरी लागात."

आता तुझा डबा. कागदाच्या चुऱ्यात ठेवलेला आंबा. तांबडा खांदा, तोच बाक. मी दोन्ही हातांनी वर काढला. इतक्या वर्षांनी. म्हटलं, आला. मग लक्षात आलं की त्याला वजनच नाही. नाकाजवळ नेला तर रॉकेलसारखा वास. प्लास्टिकचा. बुडाशी मिसेस विल्कॉट आणि एक नंबर. लुईझा म्हणाली, गिऱ्हाइकांना वाटत असतील. सोबत तुझी एक ओळ. आजी, पहिलं फळ.

चेष्टा केलीस की मनापासून धाडलंस, तेवढं मला कळत नाही. तुला मी वाढवलं, तरी कळत नाही. दाजीच्या घरातली पोरं त्याच्याशी चेंडूसारखी खेळली. एका कोंबडीने चोच मारून बघितली आणि सोडून दिलं.

झाड उभं आहे. यंदा फळ कमी होतं, पण गोड. मी आता ज्याला त्याला काड्या देते. बाजाराच्या दिवशी टोपलीत घेऊन बसते. कुडाळची माणसं नेतात, तळेऱ्याला एसटी बदलून पुढे जाणारे नेतात, बोटीवरचे खलाशी नेतात. गोवा आता आपला झाला, तिकडेही गेल्या. पैसे घेत नाही. फक्त तोंड फिरवत नाही. समोर बघून म्हणते, मियां दिली. सुभद्रान आणि सेवरीनान दिली, ध्यानात ठेव. बायका माझ्याकडे चमकून बघतात. सेवरीना म्हणते, असं बोलून दिलेली काडी धरायची नाही. खरंच पुष्कळशा धरल्या नाहीत. आजगावात आता नेलेल्यांपैकी तर एकही नाही. मी तरी म्हणतेच. ते जुनं वाक्य आता माझ्या तोंडातून येत नाही. ते तिकडे कुठल्यातरी कचेरीत लाखेखाली आहे.

जानकी मोठी झाली आणि तिने विचारलं, तर सांग की झाड गडग्यावर आहे. काडी हवी असेल तर यावं लागतं. मी असले तर मी देईन, नाहीतर लुईझा.

परडी परत जाताना रिकामी जात नाही. म्हणून तुझं हे पाकीट बंद करण्याआधी मूठभर तांदूळ घेतले होते, नवे, आपल्या कोपऱ्यातल्या शेतातले. पाकिटात ओतलेसुद्धा. मग पाकीट उलटं केलं आणि एक एक दाणा परत मडक्यात टाकला.

हलवून बघ. काही वाजणार नाही.

सुभद्रा